सोडतीचा आकडा कुठून येतो?

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत वाहने लावण्याच्या जागांची सोडत झाली. सभासद ४२ आणि जागा २९. समितीतल्या एका तरुण सभासदाने आपला लॅपटॉप सभागृहातल्या पडद्याला जोडला. एक्सेलच्या एका रकान्यात सदनिकांचे क्रमांक होते, शेजारच्या रकान्यात यादृच्छिक, म्हणजे कोणताही ठरलेला क्रम नसलेला, आकडा देणारे सूत्र होते, आणि त्या आकड्यांच्या चढत्या क्रमाने यादी लावली की वरच्या २९ जणांना जागा मिळणार होती. यादी लागली, काहींनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आले की एका सदनिकेचा क्रमांक रकान्यात घालायचाच राहिला आहे. तो घातला, सूत्र पुन्हा चालले, आणि साहजिकच सगळी यादी बदलली. पहिल्या यादीत ज्यांची नावे वर होती, त्यांतली काही खाली गेली.

दुसऱ्या मजल्यावरचे काका तेव्हा उठून म्हणाले, "हे यंत्र दर वेळी वेगळे उत्तर देणार असेल, तर कितव्या वेळचे उत्तर खरे धरायचे, हे कोण ठरवणार? त्यापेक्षा स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाका आणि एखाद्या लहान मुलीला काढायला सांगा."

मी ३१ वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की संगणकाने काढलेली सोडत ही घड्या घातलेल्या चिठ्ठ्यांपेक्षा अधिक यादृच्छिक असते. हे विधान चुकीचे नव्हते. पण काकांनी ते विचारलेच नव्हते. घरी आल्यावर हे मला जाणवले आणि पुढचे काही आठवडे मी याच विषयाचे वाचन करत राहिले. चिठ्ठ्यांसारखीच हाताळता येणाऱ्या वस्तूंची, म्हणजे लॉटरीतल्या आकडे लिहिलेल्या चेंडूंची सोडत आणि संगणकाची सोडत यांत नेमका फरक कोणता, आणि आकडा आधी कळू शकतो तो कोणाला, हे मला स्वतःसाठी नीट मांडून पाहायचे आहे.

चेंडूंपासून सुरुवात करते. पारदर्शक पिंपात हवेच्या झोताने उडणारे चेंडू एकमेकांवर आणि भिंतीवर आपटत असतात. प्रत्येक टकरीत आधीचा सूक्ष्म फरक वाढत जातो, आणि थोड्याच टकरींनंतर सुरुवातीची स्थिती कितीही काटेकोरपणे मोजलेली असली तरी ती निरुपयोगी ठरते. येथे भाकीत करता येत नाही याचे कारण निसर्ग नियम मोडतो असे नाही. नियम पाळले जात असतानाच आपले मोजमाप तोकडे पडते. ही अनिश्चितता भक्कम आहे आणि तिच्यासाठी कोणाच्या हुशारीची गरज लागत नाही. मात्र दोन अटी आहेत: चेंडू पुरेसे मिसळले पाहिजेत आणि ते सारखे असले पाहिजेत. या दोन्ही अटी मोडल्याची उदाहरणे इतिहासात नोंदलेली आहेत.

पहिली अट अमेरिकेत मोडली, आणि तीही अत्यंत गंभीर प्रसंगी. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना सैन्यात कोणत्या क्रमाने बोलवायचे, हे ठरवण्यासाठी १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढण्यात आली. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ कुप्यांमध्ये घालून त्या एका काचेच्या भांड्यातून हाताने उचलल्या गेल्या. पहिली निघालेली तारीख १४ सप्टेंबर होती. परंतु कुप्या आधी महिन्यांच्या क्रमाने एका पेटीत भरून मग भांड्यात ओतल्या होत्या आणि त्या नीट ढवळल्याच गेल्या नव्हत्या, त्यामुळे शेवटी भरलेल्या महिन्यांच्या कुप्या लवकर हाती लागल्या. क्रमांकांची अपेक्षित सरासरी १८३.५ असताना डिसेंबरच्या तारखांची सरासरी केवळ १२१.५ आली. डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना युद्धावर जाण्याचा धोका अधिक होता, आणि त्याचे कारण एवढेच की पेटी पुरेशी हलवलेली नव्हती. मी वर्गात हे उदाहरण दर वर्षी शिकवत असे आणि दर वर्षी ते सांगताना माझा आवाज जड होत असे. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता.

दुसरी अट मोडली ती वाईट हेतूनेच. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या दैनिक लॉटरीत तीन यंत्रांतून शून्य ते नऊपैकी एकेक चेंडू हवेने वर येत असे, आणि सोडत दूरचित्रवाणीवर थेट दिसत असे. २४ एप्रिल १९८० रोजी ६६६ हा आकडा आला. सोडतीचा निवेदक निक पेरी आणि त्याच्या साथीदारांनी ४ आणि ६ सोडून बाकीच्या सर्व चेंडूंमध्ये सुईने पांढरा रंग भरून ते जड केले होते, त्यामुळे हलके राहिलेले ४ आणि ६ एवढेच वर येऊ शकत होते. तीन जागांवर दोनच अंक शक्य झाल्याने हजार शक्यतांच्या आठ उरल्या, आणि त्या आठही आकड्यांवर पैसे लावले गेले. हा कट उघडकीला येण्याचे एक मोठे कारण हेच होते, कारण त्या आठ आकड्यांवरच मोठ्या रकमा लागलेल्या दिसत होत्या. पुढच्या वर्षी पेरीला शिक्षा झाली. या प्रकरणातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चेंडू बदलायला माणसे लागली, सुई लागली, रंग लागला, बदललेले चेंडू पुन्हा जागेवर ठेवायला कोणाला तरी खोलीत शिरावे लागले. वस्तूंमध्ये केलेल्या लबाडीला वजन असते. तिचे साक्षीदार होतात आणि तिच्या खुणा उरतात.

आता संगणकाकडे वळते. संगणक जे काही करतो ते ठरवून दिलेल्या सूचनांप्रमाणे करतो, त्यामुळे केवळ गणिताच्या बळावर तो यादृच्छिक आकडा निर्माण करू शकत नाही. तो एक आरंभीचा आकडा घेतो, ज्याला बीज म्हणतात, आणि त्या बीजापासून पुढचे आकडे एका सूत्राने काढत जातो. वर्गात मी फळ्यावर एक अगदी छोटे सूत्र लिहीत असे: हातातल्या आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी लिहा. ७ पासून सुरुवात केली की ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ असे आकडे येतात आणि सोळाव्या पावलावर पुन्हा ७ येतो. पहिल्या नजरेत ही रांग विस्कळीत वाटते. मग मी मुलांना विचारत असे की यात काही दिसते का. दर वर्षी कोणीतरी मागच्या बाकावरून सांगे, "बाई, विषमनंतर सम आणि समनंतर विषम, असेच येत आहे." तो क्षण मला फार आवडत असे, कारण आकडे पसरलेले असणे आणि ते अंदाजापलीकडचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला माझ्या व्याख्यानाशिवाय कळलेले असे.

हा दोष केवळ फळ्यावरच्या खेळण्यात नव्हता. आयबीएमच्या संगणकांवर १९६० च्या दशकात रँडू नावाचे असेच सूत्र सर्रास वापरले जात होते. त्यात ६५५३९ ने गुणून दोनाच्या ३१ व्या घाताने भागून बाकी घेतली जाई. त्यातून येणारे लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात बिंदू मांडले, तर ते सगळीकडे पसरण्याऐवजी अवघ्या १५ समांतर प्रतलांवर बसतात. जॉर्ज मार्साग्लिया या गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले की या जातीच्या सर्वच सूत्रांमध्ये असे प्रतलांचे थर असतात. आजची सूत्रे पुष्कळ सुधारलेली आहेत, तरीही त्यांतली लोकप्रिय सूत्रे भाकितापासून सुरक्षित नाहीत. मर्सेन ट्विस्टर या फार वापरल्या जाणाऱ्या सूत्राचे लागोपाठचे ६२४ पूर्ण आकडे हाती आले, तर पुढचे सर्व आकडे बिनचूक सांगता येतात. सांख्यिकीच्या सरावासाठी ते सूत्र उत्तम आहे. जेथे पैसा किंवा घर पणाला लागलेले आहे तेथे ते वापरू नये. गुप्तलेखनासाठी घडवलेली सूत्रे वेगळी असतात, आणि त्यांचे कितीही आकडे पाहिले तरी पुढचा आकडा व्यवहारात काढता येत नाही, पण बीज गुप्त राहील तोवरच.

बीजाची हेळसांड झाली की काय होते, हे माँट्रियलच्या कॅसिनोत १९९४ मध्ये दिसले. केनो या खेळात ८० पैकी २० आकडे निघतात. त्या एप्रिलमध्ये एका माणसाने लागोपाठ तीन वेळा २० पैकी १९ आकडे बरोबर सांगितले आणि सहा लाख कॅनेडियन डॉलरहून अधिक रक्कम जिंकली. चौकशीत कळले की यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की ते दर वेळी त्याच बीजापासून सुरुवात करत होते, त्यामुळे आकड्यांची तीच मालिका पुन्हा पुन्हा येत होती. त्या माणसाने काही फसवणूक केली नव्हती. त्याने जुने निकाल लक्षपूर्वक पाहिले होते. त्याला पैसे द्यावे लागले.

येथे एका गोष्टीसाठी थांबावेसे वाटते. आपल्याकडे लॉटरीच्या दुकानांत जुन्या निकालांचे तक्ते लावलेले असतात, आणि ते वहीत उतरवून घेणारे लोक मी लहानपणापासून पाहिले आहेत. पुष्कळ दिवसांत न आलेला आकडा आता येणारच, असा त्यांचा हिशेब असतो. चेंडूंच्या सोडतीपुरता हा हिशेब निखालस चुकीचा आहे, कारण चेंडूला मागची सोडत आठवत नाही. इटलीत व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा मे २००३ पासून पावणेदोन वर्षे आलाच नाही. लोक त्यावर अधिकाधिक पैसे लावत गेले, अब्जावधी युरो त्या एका आकड्यावर गेले, संसार उद्ध्वस्त झाले आणि काहींनी जीवही दिला. ९ फेब्रुवारी २००५ रोजी तो आकडा निघाला, तेव्हा त्याची निघण्याची शक्यता पहिल्या दिवशी होती तेवढीच, म्हणजे अठरात एक होती. उलट प्रकारही घडतो. बल्गेरियात सप्टेंबर २००९ मध्ये ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे सहा आकडे ६ तारखेला आणि पुन्हा १० तारखेला, म्हणजे लागोपाठच्या दोन सोडतींत आले. चौकशी झाली, गैरप्रकार सापडला नाही. ४९ पैकी ६ आकड्यांच्या सोडतीत १,३९,८३,८१६ जुळण्या असतात, तरीही सुमारे ४,४०४ सोडती झाल्या की त्यांतल्या कोणत्या तरी दोन सारख्या असण्याची शक्यता निम्म्याहून वर जाते. लागोपाठ सारख्या येणे याहून पुष्कळ दुर्मीळ आहे. मात्र जगभरात वर्षानुवर्षे इतक्या सोडती निघतात की कधीतरी, कुठेतरी असे घडल्याची बातमी येणे अपरिहार्यच म्हणावे लागेल.

तरीही वही ठेवणाऱ्यांना मी आता पूर्वीइतक्या सहज मोडीत काढत नाही, आणि त्याला टेनेसी राज्याची लॉटरी कारण आहे. तेथे जुलै २००७ च्या अखेरीस तीन अंकी आणि चार अंकी आकड्यांची सोडत चेंडूंवरून संगणकावर नेली. सुमारे तीन आठवडे निघालेल्या एकाही आकड्यात कोणताच अंक दोनदा आला नाही. आज्ञावलीत चूक होती: एकदा आलेला अंक पुन्हा येऊच शकत नव्हता. जे लोक ३३३ किंवा ५५७ यांसारख्या आकड्यांवर पैसे लावत होते, त्यांना जिंकण्याची शून्य शक्यता होती आणि त्यांचे पैसे तरीही घेतले जात होते. हिशेब करून पाहिला तर तीन अंकी आकड्यात पुनरावृत्ती नसण्याची शक्यता एका सोडतीत ७२ टक्के असते, आणि २० सोडतींत सलग तसेच घडण्याची शक्यता हजारात दीडपेक्षा कमी. चार अंकी आकड्यांसाठी तर ती नऊ लाखांत जेमतेम एक आहे. हे कोणालाही वही आणि पेन घेऊन ओळखता येण्यासारखे होते. चेंडूंच्या यंत्रात अशी चूक होणे अवघड, कारण तीन वेगळ्या पिंपांत तीन वेगळे संच फिरताना डोळ्यांना दिसतात. संगणकात एका ओळीची चूक तीन आठवडे कोणाच्या नजरेस पडली नाही.

आणि आता ते प्रकरण, ज्याच्यामुळे काकांचा प्रश्न मला खऱ्या अर्थाने कळला. अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्या एकत्र चालवणारी मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशन ही संस्था आयोवा राज्यात आहे. तिची प्रसिद्ध पॉवरबॉल लॉटरी चेंडूंनी काढली जाते. हॉट लोट्टो नावाची लॉटरी मात्र संगणकाने काढली जात असे. एडी टिप्टन हा तेथे आज्ञावली लिहीत असे आणि पुढे तो संस्थेच्या माहिती-सुरक्षेचा प्रमुख झाला. आकडे काढणारी आज्ञावली त्यानेच लिहिली होती. तिच्यात त्याने थोड्या ओळींचा एक तुकडा घातला होता. सोडत वर्षातल्या तीन ठरावीक तारखांपैकी एका तारखेला असेल, म्हणजे २७ मे, २३ नोव्हेंबर किंवा २९ डिसेंबर, वार बुधवार किंवा शनिवार असेल आणि वेळ रात्री आठनंतरची असेल, तर यंत्राने नेहमीचे बीज सोडून टिप्टनला आधी मोजता येईल असे बीज घ्यायचे. त्यामुळे लक्षावधी शक्यतांच्या जागी काही थोड्या जुळण्या उरत, आणि तेवढी तिकिटे विकत घेणे कोणालाही परवडण्यासारखे होते. कोलोरॅडोची २३ नोव्हेंबर २००५ ची सोडत, विस्कॉन्सिनची २९ डिसेंबर २००७ ची आणि हॉट लोट्टोची २९ डिसेंबर २०१० ची, या सर्व सोडतींचा या तुकड्याशी संबंध निघाला.

शेवटच्या सोडतीचे बक्षीस १ कोटी ६५ लाख डॉलर होते. ते तिकीट डे मोईन शहरातल्या एका दुकानात टोपी ओढलेल्या माणसाने घेतले होते. जवळजवळ वर्षभर बक्षीस कोणी नेले नाही, आणि मुदत संपायला दोन तासही उरले नसताना बेलीझ या देशातल्या एका न्यासाच्या नावाने दावा आला. विजेत्याचे नाव सांगायचे नाही, या हट्टापायी तो दावा मागे घ्यावा लागला, आणि बक्षीस दिलेच गेले नाही. २०१४ मध्ये दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण प्रसिद्ध झाले, तेव्हा ओळखीच्यांनी टिप्टनचा आवाज ओळखला. २०१५ मध्ये त्याला अटक झाली, आणि पुढे विस्कॉन्सिनमध्ये जपून ठेवलेल्या जुन्या यंत्रात तो तुकडा सापडला. २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला कमाल २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

यातली जी गोष्ट मला झोपू देत नव्हती ती अशी. या यंत्राच्या आकड्यांची सांख्यिकीय तपासणी झाली होती, आणि तिच्यात दोष सापडला नव्हता; सापडणारही नव्हता. वर्षातले ३६२ दिवस ते आकडे खरोखर निर्दोष होते. ज्या चाचण्या मी आयुष्यभर शिकवल्या, काय-वर्ग चाचणी, धावांची चाचणी, सहसंबंधाची चाचणी, त्या सगळ्या आकड्यांना विचारतात की तुम्ही कसे दिसता. तुम्ही कुठून आलात आणि तुम्हाला आधीपासून ओळखणारे कोणी आहे का, हे त्या विचारू शकत नाहीत. यादृच्छिकता हा आकड्यांचा गुण आहे असे आपण समजतो, पण सोडतीच्या बाबतीत ती आकडा आणि माणूस यांच्यातली गोष्ट आहे: आकडा जाहीर होण्यापूर्वी तो एकाही माणसाला ठाऊक असता कामा नये आणि एकाही माणसाला बदलता येता कामा नये. आमच्या सभागृहात काकांना सूत्राच्या गुणवत्तेविषयी शंका नव्हती. कळ पुन्हा दाबण्याचा अधिकार एका माणसाच्या हातात आहे, ही त्यांची हरकत होती, आणि ती पूर्णपणे योग्य होती.

याचा अर्थ संगणक टाकून सगळीकडे चेंडू आणावेत असा होत नाही. म्हाडाच्या घरांसाठी लाखाच्या घरात अर्ज येतात, शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी राज्यभरातून मुलांचे अर्ज येतात. तेथे प्रत्येक अर्जाची चिठ्ठी करून पिंपात घालणे अशक्य आहे, आणि घातली तरी १९६९ सारखी ती नीट मिसळली जाणार नाही. महानगरपालिकेच्या प्रभागांचे आरक्षण शाळकरी मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढून ठरते, ते चालते कारण चिठ्ठ्या मोजक्या असतात. मोठ्या सोडतीला संगणक हवाच. मग त्याला बीज कुठून द्यायचे, एवढाच प्रश्न उरतो.

ब्रिटनने याचे उत्तर फार लवकर शोधले होते. तेथल्या प्रीमियम बाँडची, म्हणजे व्याजाऐवजी सोडतीने बक्षिसे देणाऱ्या सरकारी बचतरोख्यांची, बक्षिसे जून १९५७ पासून एर्नी नावाचे यंत्र काढते. युद्धकाळात कोलॉसस संगणक बांधणाऱ्या टॉमी फ्लॉवर्स आणि हॅरी फेन्सम यांचा ते बांधण्यात वाटा होता. एर्नी सूत्राने आकडे काढत नव्हते. निऑन वायूच्या नळ्यांतून वीज जाताना जो अनियमित गोंधळ उठतो, त्यातून ते आकडे घेत असे. २०१९ पासूनचे पाचवे एर्नी प्रकाशाच्या पुंजभौतिकीवर चालते. म्हणजे मोजणी यंत्राची, पण अनिश्चितता निसर्गाची, जशी ती उडत्या चेंडूंत असते. तरीही पेटीच्या आत काय चालले आहे ते लोकांना दिसत नाही, आणि त्यासाठी त्यांना तपासणाऱ्यांवर विश्वास ठेवावा लागतो.

विश्वासाची ही गरजही कमी करता येते. इंटरनेटची मानके ठरवणारी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स ही संघटना आपल्या नामनिर्देशन समितीचे सभासद इच्छुकांतून सोडतीने निवडते, आणि त्याची रीत २००४ मध्ये लिहून ठेवलेली आहे. इच्छुकांची क्रमवार यादी आधी प्रसिद्ध करायची. भविष्यातल्या कोणत्या तारखेचे कोणते सार्वजनिक आकडे बीज म्हणून घेणार, उदाहरणार्थ अमुक लॉटरीचा निकाल, तेही आधी जाहीर करायचे. सूत्रही आधी जाहीर करायचे. तारीख उलटली की जगातला कोणीही आपल्या घरी तेच गणित करून तीच नावे काढू शकतो. चेंडूंची लॉटरी येथे संगणकाला बीज पुरवते. हे वाचताना मला मुंबईचा जुना आकडा आठवला. मटका हा शब्द रुळण्यापूर्वी मुंबईत जुगार चाले तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या दरांच्या आकड्यांवर. बाजार उघडतानाचा आणि बंद होतानाचा दर, यांतूनच ओपन आणि क्लोज हे शब्द आले. १९६१ मध्ये ते दर येणे थांबले आणि मग आकडे मडक्यातून निघू लागले. त्या धंद्याने कितीतरी गिरणी कामगारांची घरे धुतली, त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. परंतु आकडा इतक्या दुरून आणावा की मुंबईत बसलेल्या कोणाचाही हात तेथवर पोहोचू नये, ही समज त्या व्यवस्थेत होती, आणि ती समज बरोबर होती.

हे सगळे मी एका कागदावर लिहून समितीला दिले आणि सोडत पुन्हा घ्यायचे ठरले. सदनिकांची यादी आठ दिवस आधी फलकावर लावली, म्हणजे राहिलेले नाव वेळीच कळेल. गणिताची रीत यादीखालीच छापली: बीज आणि सदनिकेचा क्रमांक एकापुढे एक लिहायचे, त्यावर एसएचए-२५६ हे गुप्तलेखनातले सूत्र चालवायचे, आलेल्या उत्तरांच्या चढत्या क्रमाने पहिल्या २९ जणांना जागा. बीज म्हणून ठरलेल्या बुधवारचा सेन्सेक्सचा बंद भाव, दोन दशांश स्थळांसह, घ्यावा असे मी सुचवले होते. काकांनी मान हलवली, पण चिठ्ठ्यांचा आग्रह सोडला नाही. त्यांचे म्हणणे होते की शेअर बाजाराचा आकडा ज्यांना कळत नाही, त्यांच्या डोळ्यांसमोरही काहीतरी घडले पाहिजे.

मी विचार केला आणि मला ते पटले, नुसते भावनेने नव्हे, गणितानेही. दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे जोडून बीज केले, तर त्यांतला कोणताही एक आकडा प्रामाणिक असला तरी पुरते. फक्त क्रम नीट लावावा लागतो, कारण दुसरा आकडा काढणाऱ्याला पहिला ठाऊक असेल तर तो आपला आकडा बेतू शकतो. म्हणून ज्याच्यावर कोणाचाच ताबा नाही, तो आकडा शेवटी यायला हवा. बुधवारी सकाळी ११ वाजता जिन्याखाली सगळे जमले. शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या काकांच्या घरच्या स्टीलच्या डब्यात टाकल्या, चौथ्या मजल्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीने डबा दोन्ही हातांनी हलवला आणि तीन वेळा चिठ्ठी काढली, प्रत्येक वेळी आधीची चिठ्ठी परत डब्यात टाकून, म्हणजे टेनेसीसारखे होऊ नये. तिन्ही अंक खडूने फलकावर लिहिले. साडेतीन वाजता बाजार बंद झाला, बंद भाव जाहीर झाल्यावर तो त्या अंकांच्या पुढे लिहिला, आणि संध्याकाळी पाच जणांनी आपापल्या घरी, आपापल्या संगणकावर यादी काढली. पाचही याद्या सारख्या आल्या.

नियमांच्या कागदावर नंतर एक ओळ वाढवली आहे. बाजाराला त्या दिवशी सुट्टी असल्यास पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा बंद भाव घ्यावा, आणि चिठ्ठ्याही त्याच दिवशी सकाळी काढाव्यात.